वहिनीचा नेम

आमची वहिनी बसस्थानकात घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कोणाचं मूल चुकलं, हे सगळं ती काचेच्या खोलीत बसून माइकवर सांगते. आवाज खणखणीत, आणि तो खणखणीत आहे हे तिला चांगलं माहीत आहे. घरात "चहा झालाय" म्हणाली तरी शेजारचे कप घेऊन येतील. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा तिला कॉम्प्युटरवरचा एकही खेळ येत नव्हता. खरं सांगते, तिचं मला तेवढंच आवडलं होतं.

कारण बंदुकीचा खेळ आमचा होता, दादाचा आणि माझा. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, मी चष्म्याच्या दुकानात आहे. कामावरून आलं की बाहेरच्या खोलीत टेबलाशी आम्ही शेजारी शेजारी बसायचो. समोर दोन कॉम्प्युटर, कानांवर हेडफोन, आणि पलीकडे कुठून कुठून आलेले शत्रू. आई म्हणायची, "ही दोघं बोलत नाहीत, नुसती ओरडतात." पण आमचं बोलणं म्हणजे तेच होतं.

एक दिवस वहिनी दादाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मलाही शिकवा की." दादा लगेच विरघळला. जुना लॅपटॉप काढून, पुसून तिच्यापुढे ठेवला. चार दिवसांची हौस आहे, असं म्हणून मी गप्प बसले.

सुरुवातीला करमणूक होती. ही जमिनीकडे बघत चालायची. "वहिनी, फरशी पुसायची आहे का? नेम डोक्याच्या उंचीवर धर," मी म्हणायचे. पळता पळता गोळ्या झाडायची, त्या सगळ्या आभाळात जायच्या. "आधी पाय थांबव, मग गोळी." बंदूक रिकामी झाली की उघड्यावरच उभी राहून भरत बसायची. "अगं, आडोशाला जा!" शिकवणं फार गोड असतं, समोरचं माणूस शिकत नाही तोवर.

ही शिकली. माउसचा वेग तिने इतका कमी केला की नुसतं वळायला अख्खा हात टेबलावरून फिरवावा लागे. मी पोट धरून हसले. पण महिन्याभरात तिचा नेम असा स्थिर झाला की माझं हसू आपोआप बंद पडलं. सामन्याआधी रिकाम्या मैदानात पुतळ्यांवर सराव, जेवायच्या आधी हात धुवावेत इतक्या नेमाने. वर प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग ठेवायची आणि भाजी निवडताना लावायची. जिंकलेले नाही, हरलेले. "बघू तरी, मी मेले कशाने," असं म्हणत शेंगा सोलायची. मेलं की समोरच्याला शिव्या देऊ नयेत, आपण तिथे का उभे होतो ते बघावं, हा तिचा आवडता उपदेश. नम्रपणा औषधालाही नाही. "नेम बघितलात ना, वन्सं? थांबा, परत दाखवते." घरात मला वन्सं म्हणणारी ती एकटीच, आणि तेही मला चिडवायला.

पूर्वी चांगली गोळी लागली की दादा "वा गं!" म्हणायचा, ते माझ्यासाठी असायचं. आता तो "वा गं!" म्हणाला की मी आधी हसायचे, मग कळायचं की माझं नव्हे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा तिघं खेळत असताना ती ओरडली, "अहो, मागे!" आता ती नवऱ्यालाही अहो म्हणते आणि मलाही. दादाच्या मागे शत्रू होता, दादा वळला आणि वाचला. मीही वळले. माझा शत्रू समोर होता, त्याने मला पाठीत गोळी घातली. मी हेडफोन आपटला. "नवऱ्याला हाक मारतेस की मला, ते आधी ठरव!"

ती चिडली नाही. विचार करून म्हणाली, "चूक माझी. घोषणेत नातं नको. आधी जागा, मग क्रमांक." दुसऱ्या दिवसापासून तिच्या तोंडून फलाटावरच्यासारखं यायला लागलं, "जिना, मागे, क्रमांक एक." "खिडकी, उजवीकडे, क्रमांक दोन." आम्ही धडाधड जिंकायला लागलो. क्रमांक एक दादा होता. दोन मी. म्हणजे तिने जागाही वाटून टाकल्या, आणि मला दुसरी दिली.

मग कोपऱ्यावरच्या गेमिंग कॅफेत जोड्यांची स्पर्धा लागली. जोडी म्हणजे दोघं. मी गृहीत धरलं होतं, दादा आणि मी. दादा मात्र "बघू, सांगतो" म्हणत राहिला. नावं द्यायच्या दिवशी दुपारी मी त्याला वहिनीसमोरच गाठलं. "एक काय ते सांग. बहीण की बायको?"

तो लिफ्टमध्ये अडकल्यासारखा दोघींकडे बघत राहिला. वहिनी उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. माझ्या सामन्यांची रेकॉर्डिंगंही ती बघत होती, हे मला तेव्हा कळलं.

"वन्सं, तुमचा नेम माझ्याहून चांगला आहे," ती म्हणाली. आवाज एकदम खाली. "कानही तिखट आहेत. पण तुम्ही दर वेळी एकाच कारणाने मरता."

तिने लावून दाखवलं. मी छान आडोशाला आहे. दादा कुठल्यातरी बोळात एकटा घुसून अडकलाय. मी आडोसा सोडते, उघड्यावरून धावते आणि मरते. दुसरा सामना, तेच. तिसरा, तेच.

"ह्यांना वाचवायला जाता," वहिनी म्हणाली. "मीपण जायचे. आता कष्टाने सवय मोडली."

दादाचे कान लाल झाले. इतकी वर्षं त्याला वाटत होतं तो मला सांभाळतोय, आणि मलाही तसंच वाटत होतं. मला वहिनीचा तेव्हा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता. माझी माया तिने माझ्याआधी ओळखली होती, आणि वर ती चूक म्हणून दाखवली होती.

"म्हणजे कच्चा मीच," दादा हसून म्हणाला, जरा उशिरा. "तुम्ही दोघी जा."

"मला तुझ्याबरोबर खेळायचंय," मी म्हणाले.

"अगं, जिंकायचंय ना?" असं म्हणून त्याने चपला घातल्या आणि स्वतःच जाऊन आमची नावं देऊन आला.

स्पर्धेच्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत वहिनी बसली. दादा मागे, बघ्यांमध्ये. तो टाळ्या वाजवत होता, दोघींसाठी सारख्याच. वहिनी जागा सांगत गेली, मी नेम धरत गेले. पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. मी एकदाही मेले नाही. धावत जाऊन वाचवावं असं मैदानात माझं कोणी नव्हतं.