मांजर आणायला गेले आणि मराठीत बोलून बसले

कॅफेवाल्या बाई, आपल्यातलीच होतीस तर दारातच सांगायचं होतंस. एवढा वेळ मला आजी न म्हणता पाट्टी पाट्टी म्हणत तमिळ बोललीस आणि आमचं सगळं ऐकून घेतलंस... ही कुठली रीत?

असो. तमिळ मुलखातल्या आपल्या मराठी लोकांच्या या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. मी जयूची आजी. मला लिहायला फारसं येत नाही, फोनमध्ये बोलते आणि तो लिहितो. चुकलं तर फोनला बोला.

जयू माझी नात. नवऱ्याचं घर सोडून चेन्नईहून परत आली, ते तुम्हांला माहीत आहे. नसेल तर आता झालं. दिवसभर लॅपटॉपसमोर बसते, जेवायला हाक मारली की येते, विचारलं तेवढंच बोलते.

परवा सकाळी आपणहून म्हणाली, "आजी, मला मांजर आणायचंय. येतेस?" मला मांजर आवडत नाही... दुधावर डोळा ठेवून बसणारं जनावर. पण पोरीनं कितीतरी दिवसांनी काही मागितलं, म्हणून साडी बदलली आणि निघाले.

नव्या बसस्टँडच्या पुढे एक कॅट कॅफे निघाला आहे. रस्त्यावर सापडलेली, कुणी टाकलेली मांजरं तिथे सांभाळतात आणि चांगलं घर बघून देतात. चपला बाहेर, हात धुवा, मग आत... आमच्या सासूबाईंचं सोवळंसुद्धा एवढं नव्हतं. कॉफी मात्र पाणचट.

तिथे एक बाई होती, चाळिशीची असेल. कुडत्यावर मांजरांचे केस, कानात काही नाही, गळ्यात काही नाही. फार प्रेमानं बोलत होती, सगळं तमिळमध्ये.

जयूच्या मांडीवर एक तांबूस मांजर येऊन बसली. एकच डोळा. पापनाशमच्या बसस्टँडवर सापडली म्हणे, नाव सेल्वी. जयू तिच्याशी हळूहळू बोलायला लागली... आम्हांला आठवड्यात मिळत नाहीत एवढे शब्द तिला मिळाले.

आता आपली सवय तुम्हांला ठाऊक आहे. साडीच्या दुकानात तमिळमध्ये "फार सुंदर आहे हो" म्हणायचं आणि मराठीत "ऊठ, रंग जाईल" म्हणायचं. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत... चारचौघांत बसून घरातलं बोलायची ही आपली सोय. मी जन्मभर तेच केलं. कुणी कधी पकडलं नाही.

म्हणून जयूला मराठीत म्हटलं, "हिला बघ. नवऱ्यानं टाकलेली दिसते. दुसरं काय करणार, मांजरं घेऊन बसलीय."

जयू सेल्वीच्या कानामागे खाजवत राहिली. मला वाटलं, मांजरात गुंगली आहे.

मग त्या बाईनं विचारलं, "पाट्टी, उद्या ही आजारी पडली, घरात नकोशी झाली, तर काय कराल?" मी तमिळमध्ये सांगितलं, "घरच्या लेकीसारखी सांभाळू, अम्मा." आणि लगेच जयूकडे वळून मराठीत, "नको झाली तर पोत्यात घालून कालव्यापलीकडे सोडून येऊ. हिला कोण सांगायला जातंय."

बाईनं वाकून जयूच्या मांडीवरून सेल्वीला उचललं. आवाज चढवला नाही. आपल्या मराठीत, अगदी आपल्या घरातल्या मराठीत म्हणाली, "आजी, कालव्यापलीकडूनच येतात इथली बरीच. परत तिकडे पाठवायला मी देत नाही."

कुठली तू, कुणाची तू, असं विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चपला घालताना पट्ट्यात पाय जाईना.

ऑटोत जयूनं एकच विचारलं. "आजी, मी समोर नसले की माझ्याबद्दलपण असंच बोलतेस?"

मी पदर सावरून समोर बघितलं. ऑटोवाला आरशातून बघत होता. याला मराठी येत असेल की काय, अशी भीती आयुष्यात पहिल्यांदा वाटली.

घरी येऊन ती खोलीत गेली. मी भाजी चिरायला घेतली आणि तशीच ठेवून दिली.

जयू, इथे सगळ्यांसमोर सांगते. तुझ्याबद्दल तसं तोंडानं कधी म्हटलं नव्हतं. मनात आलं नव्हतं असं मात्र नाही... तू परत आलीस त्या दिवशी आधी शेजारी काय म्हणतील ते मनात आलं, आणि तू जेवलीस का ते नंतर. त्याची लाज वाटते. ही पोस्ट टाकू का असं तुला विचारलं, तर म्हणालीस, तुझं तू बघ. बघितलं.

आणि कॅफेवाल्या बाई, तू या ग्रुपवर असशीलच, आपले लोक आहेत किती. तुला नवऱ्यानं टाकलं, तू त्याला सोडलंस, की लग्नच केलं नाहीस, मला काय करायचं होतं? चुकले. सेल्वी माझ्या भरवशावर देऊ नकोस, मी तशी बदलणारी नाही. जयूच्या भरवशावर दे. हवं तर येऊन घर बघून जा. मी स्वयंपाकघरात बसेन.

बाकी कुणी खाली हात जोडलेली चित्रं टाकायची नाहीत आणि माझी बाजू घ्यायची नाही. द्यायची की नाही ते त्या बाईनंच लिहायचं, आणि मला नाही... जयूला लिहायचं.