मानेतला जादा पट्टा

बंगळूरच्या बनशंकरीत राहणारे उपेंद्रराव तिथल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जन्मभर सुटे भाग तपासत आले. ड्रॉइंगहून केसभरही वेगळा निघालेला भाग ते लाल रंग फासून परत धाडत, मग मालक कितीही डोळे वटारो. रिटायर झाल्यावर त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर वेदिका स्कॅन दाखवत म्हणाल्या, "काका, कानामागून छातीकडे उतरणारा हा स्नायू. खाली त्याचे दोन पट्टे असतात. तुम्हाला तीन आहेत."

उपेंद्ररावांना काही उमजेना. इतकी वर्षं मान वळवली, कधी कुरकुर नाही, मग हा तिसरा आला कुठून?

"म्हणजे माझ्यात खोट आहे?"

"छे! काहींना असतो तसा."

"मग गाठीबरोबर तोही काढून टाका. जादा माल कशाला ठेवायचा?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, प्रेमाताईंनी, कपाळाला हात लावला. "अहो, गळा आहे तो, कारखाना नाही! स्वल्प, जरा गप्प बसा."

डॉक्टर हसल्या. "तो बिघडलेला नाही, काका. फक्त मला आधी ठाऊक हवा. पुस्तकातल्या चित्रावर विसंबून सुरी चालवली, तर भलतीच शीर कापली जायची."

"मग तुम्ही चित्र बघून कापणार नाही?"

"नाही. तुम्हाला बघून."

उपेंद्रराव मान चोळत बसून राहिले. ड्रॉइंग बाजूला ठेवून काम करणाऱ्याच्या हाती त्यांनी कधी साधा बोल्ट दिला नव्हता. आता गळा द्यायचा होता.