लॉन्सच्या दारातली अर्धी गाडी

आम्ही ती विकत घेतली तेव्हा तिला गाडी म्हणणारे आम्ही दोघंच होतो. कुदळवाडीच्या एका भंगारवाल्याकडे ती विटांवर उभी होती. जुनी पद्मिनी, चाकं गायब, डिकीत पिंपळाचं रोप उगवलेलं. चाकणच्या कंपनीत मी आणि माझा मित्र एकाच लाइनवर, एकाच शिफ्टला. तो मूळ तिथलाच, जुन्या घरातला, मी लातूरकडून नोकरीसाठी आलेलो. निगडीत माझ्या फ्लॅटखाली स्कूटर लावायचीच मारामार; त्याच्या घरामागे मात्र पत्र्याची मोठी शेड होती. म्हणून गाडी त्याच्याकडे ठेवली, आणि कागदही त्याच्याच नावावर झाले.

"नाव कुनाचं का असंना भावा, गाडी दोघांची हाय," तो म्हणाला. मला ते पुरेसं वाटलं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. सकाळी डबा घेऊन मी त्याच्या शेडवर जायचो. नवे पार्ट परवडत नव्हते. एक दार दुसऱ्या मेलेल्या गाडीचं बसवलं, कुजलेला पत्रा कापून ठिगळं लावली, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरून घासत राहिलो. सीट शिवायला कारागीर परवडेना, तेव्हा माझी बायको म्हणाली, "मी बघते." घरच्या मशीनवर जाड रेक्झिन चालेना, सुया मोडल्या. मग तिनं दाभण घेऊन मागच्या सीटची पाठ हातानं शिवली. मरून रेक्झिनवर पांढऱ्या दोऱ्याचा साखळीटाका. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मित्रानं मला उचलूनच घेतलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांत त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. गाडी शेडमध्ये दिसेना. विचारलं तर म्हणाला, "वायरिंगला दिलीय तळेगावला. लग्न उरकू दे, मग जाऊन आनू." माझा विश्वास बसला, कारण न बसायला कारणच नव्हतं. शिवाय मी त्याच्या मुलीच्या लग्नाच्या धावपळीत होतो. निगडी-चिंचवडच्या पत्रिका मीच वाटल्या.

लग्न हायवेजवळच्या एका लॉन्सवर होतं. बायको आणि मी लवकर पोचलो. कमानीतून आत शिरताच डाव्या हाताला पद्मिनीचा पुढचा भाग उभा होता, फक्त पुढचा. दारांपाशी गॅसनं कापलेला. बॉनेटवर काच टाकून पाणीपुरीचा काउंटर मांडला होता. रंग तोच होता. तरीही मी स्वतःला सांगितलं, असल्या गाड्या काय कमी असतात?

बायको पुढे गेली होती. स्टेजजवळ फुलांच्या चौकटीत मागची सीट ठेवली होती, नवरा-नवरीनं फोटो काढायला. तिनं सीटच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"अहो," ती म्हणाली, "ही माझी शिवण आहे."

तेवढ्यात लॉन्सचे मालक आले. आम्ही मुलीकडचे म्हटल्यावर खूश झाले. "नवरीच्या वडिलांनीच दिली गाडी. म्हणाले, लॉन्सच्या भाड्याऐवजी गाडी घ्या. मी म्हटलं माझ्या फार्महाऊसवर नुसती ठेवायची कशाला, कापून इथंच लावू. त्यांना सरप्राइज!"

मित्र फेटा बांधून पाहुण्यांना हात जोडत उभा होता. त्यानं आधी सीट पाहिली, मग मला. चेहरा उतरला, आणि तो दुसऱ्याच कुणाकडे वळून "या, या" म्हणू लागला. मुलीचं लग्न होतं. मी काय बोलणार? तिनंच आम्हाला हाक मारली, "काका, काकू, या ना फोटोला!" बायकोनं स्वतः शिवलेल्या सीटमागे उभं राहून आम्ही फोटो काढला. जेवलो मात्र नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या गेटबाहेर मी त्याला गाठलं.

"मागितली असतीस तर दिली असती रे. पोरीसाठी नाही म्हटलं असतं का मी?"

"न्हाई म्हटलं नसतंस, ठाव हाय मला." तो बुटांकडे बघत होता. "म्हनून तर मागितली न्हाई. मागितली असती तर जन्मभर तुझ्या उपकारात ऱ्हायलो असतो. तसं पन कागद माझ्याच नावावर व्हते."

उपकाराचं मला कळलं. कदाचित मी माफही केलं असतं. कागदाचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

मी शिफ्ट बदलून घेतली. सुपरवायझरला घरची अडचण सांगितली.

मध्यंतरी त्याची मुलगी नवऱ्याला घेऊन लग्नाचे पेढे द्यायला आली. चहा झाल्यावर म्हणाली, "काका, बाबांचं आणि तुमचं काही बिनसलंय का? ते नुसते गप्प असतात."

"शिफ्ट वेगळ्या झाल्या ना, भेट होत नाही," मी म्हणालो.

बायकोनं तिची ओटी भरली आणि दोघांना गेटपर्यंत सोडून आली. वर आल्यावर कपबशा उचलता उचलता म्हणाली, "तिला सांगायला हवं होतंत."

"तिनं काय केलंय?"

"तिनं नाही," ती म्हणाली. "पण मीही काही केलं नव्हतं. सीट देताना मला तरी कुठं कुणी विचारलं?"

ती कपबशा विसळायला आत गेली.