बापूच्या तीन सह्या

परवा लेकीने शाईची दौत सांडली आणि त्या वासासरशी मी अकोल्याच्या जुन्या शहरात, मावशीच्या ओसरीवर जाऊन पोचलो. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं. अमरावतीच्या मैदानावर एका नामी हॉकीपटूच्या मागे धावून मी त्याची सही मिळवली होती. घाईत केलेली, त्याच्याच घामाने फिसकटलेली. मावसभाऊ बापूने मात्र आपल्या तिघी बहिणींना त्याच खेळाडूची एकेक देखणी सही आणून दिली होती.

माझा कागद पाहून तो म्हणाला, "हे सई हाय का कोंबडीनं पाय पुसले? खोटारडं हाय हे पोट्टं!" सगळी ओसरी हसली. माझे कान तापले.

मी बहिणींकडून तिन्ही कागद मागून घेतले, एकावर एक ठेवले आणि उन्हाकडे धरले. तिन्ही सह्या केसभरही न हलता एकमेकींवर बसल्या. जित्या माणसाचा हात तीनदा इतका सारखा चालत नाही. एकच छापील सही गिरवली, तरच चालतो.

"काहून रे बाप्या," मावशी म्हणाली, "गिरवून आणल्या का तू?"

बापू चपला न घालताच ओसरीवरून सटकला.

तेव्हा वाटलं, फिटलं. पण माझ्यासारख्या कोत्या मनाच्या माणसाचं इतक्यात कुठे फिटतं! त्यातली एक सही मी चौकटीत बसवून पाहुण्यांच्या खुर्चीसमोर टांगली आहे. बापू दर दिवाळीला येतो, तिच्याकडे पाठ करून बसायला बघतो आणि मी मोठ्या प्रेमाने त्याची खुर्ची वळवून देतो.