खुशाली बाकावरच्या सोबत्याने सांगायची

आमच्या मॅट्रिकच्या वर्गात स्वतःची खुशाली स्वतः सांगायला मनाई आहे. ती बाकावरच्या सोबत्याने सांगायची. हा नियम आमच्या गणिताच्या मास्तरांचा. कुठलाही पोरगा स्वतःबद्दल खरं सांगत नाही, अशी त्यांची खात्री होती. म्हणून एकाचं पोट खरंच दुखत होतं का, हे ते दुसऱ्याला उभं करून विचारत. मास्तर गेले, आम्ही पोरांचे बाप झालो, काहींना तर जावईही आले, पण नियम राहिला.

दरवर्षी दसरा झाला, कन्हानचं पाणी निवळलं, की एका रविवारी आमचा वर्ग नदीकाठी रोडगे करायला जमतो. गोवऱ्या पेटवायच्या, कणकेचे गोळे निखाऱ्यांवर भाजायचे, मग राखेत पुरून ठेवायचे. ते मुरेपर्यंत दोन सतरंज्या अंथरून, शाळेत बसायचो त्याच क्रमाने जोडीजोडीने बसायचं. तेव्हाचा मॉनिटर आता वकील आहे. तो हजेरी घेतो. नाव पुकारलं की ज्याचं नाव तो गप्प बसतो आणि त्याचा सोबती उठून वर्षाची हकीकत सांगतो.

आता यात मास्तरांना कळली नसती अशी एक गंमत आहे. हजेरीच्या आधी गोवऱ्या रचण्याच्या निमित्ताने प्रत्येक जण आपल्या सोबत्याला बाजूला नेतो आणि काय सांगायचं ते पढवून ठेवतो. स्वतःच्या तोंडाने बढाई मारायला माणूस थोडा तरी लाजतो. दुसऱ्याच्या तोंडाने मारायची असली की काही धरबंद राहत नाही. त्या सतरंजीवर आजवर एकाचाही मुलगा नापास झालेला मी ऐकलेला नाही.

मी विम्याचा एजंट. नाटकात कामं करायची हौस होती, ती आता गिऱ्हाइकांच्या ओसरीवर भागवतो. माझा सोबती हैद्राबादेला जाऊन स्थायिक झाल्यापासून मी सतरंजीच्या टोकाला एकटा बसायचो. माझी खुशाली वकील स्वतःच सांगून टाकायचा, "हा जिवंत आहे, ऐकू येतंच आहे तुम्हाला." आणि पुढचं नाव घ्यायचा. यापुढे ज्याचा सोबती जाईल त्याला माझ्या शेजारी बसवायचं, असं वर्गाने ठरवून ठेवलं होतं. लोक या शक्यतेचा विचार गंभीरपणे करत.

राजधानी नागपुराहून हलली त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती. सचिवालयातली कपाटं भोपाळला निघाली होती, आणि कपाटांमागून माणसं. कोणाच्या नावापुढे भोपाळ आलं आणि कोण राहिलं, याशिवाय सीताबर्डीवर दुसरा विषय नव्हता.

आमच्यात सचिवालयातले दोघे. एक हेडक्लार्क. त्याला भोपाळचा हुकूम आला होता. दुसरा हिशेबखात्यातला, त्याच श्रेणीचा. त्याला इथेच ठेवलं होतं.

हेडक्लार्कचा सोबती म्हणजे इतवारीतला लुगड्यांचा व्यापारी. घराणं विणकरांचं. याच्या बापाने माग सोडून दुकान टाकलं आणि याने त्या दुकानाला माडी चढवली. दुकानात हा कसा बोलतो ते मला ठाऊक नाही, पण वर्गात त्याने शब्द खर्चल्याचं कोणाला आठवत नाही. हेडक्लार्कची खुशाली तो दरवर्षी एकाच पद्धतीने सांगे. उठायचा आणि म्हणायचा, "बरं आहे. झाडं बरी आहेत." आणि बसायचा.

झाडं म्हणजे संत्र्याची. हेडक्लार्कने काटोलच्या रस्त्याला जमिनीचा एक तुकडा घेऊन कलमं लावली होती. सगळं आयुष्य साहेबांच्या फायली सांभाळण्यात गेलेला माणूस, पण झाडांविषयी बोलायला लागला की अंगात वारं शिरायचं. कोणत्या झाडाला कोणत्या बाजूने ऊन लागतं हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पाच वर्षं त्याने एक फळ धरू दिलं नव्हतं. येत्या हिवाळ्यात झाडांना पहिला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, मग फुलं येतील तो पहिला बहार. आणि तेवढ्यात हुकूम आला.

त्या सकाळी मी वांगी चिरत होतो. गोवऱ्यांच्या पलीकडे हेडक्लार्क लुगडेवाल्याला पढवत होता.

"सांग, की बढतीवर चाललो. मोठा क्वार्टर मिळून राहिला. साहेबानं मुद्दाम मागून घेतलं."

"हं."

"आणि झाडांचं नाव काढू नको."

"काहून?"

"नको म्हटलं ना बे!"

मी वांगी चिरत राहिलो. ज्या माणसाने वर्षानुवर्षं आम्हाला झाडांशिवाय दुसरं काही ऐकू दिलं नाही, तो आज झाडांचं नाव काढू नको म्हणतो, यात न समजण्यासारखं काही नव्हतं. बाग विकायला काढल्याचं मला आधीच कळलं होतं.

हजेरी सुरू झाली. हिशेबवाल्याचं नाव आधी आलं. त्याचा सोबती डॉक्टर. तो उठून म्हणाला, "याला साहेबांनी सोडलं नाही. नागपूरचं काम याच्यावाचून अडेल म्हणाले. म्हणून हा इथंच." आम्ही टाळ्या वाजवल्या. हिशेबवाला मान खाली घालून सतरंजीचा दोरा उसवत होता. मला वाटलं, विनयाने.

मग हेडक्लार्कचं नाव पुकारलं. लुगडेवाला उठला. धोतर सावरलं. आपल्या सोबत्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. आम्ही त्या ठरलेल्या वाक्यांची वाट पाहत होतो.

"बरं नाही," तो म्हणाला.

वकिलाने मान वर केली.

"हा मले सांगून राहिला का बढती आहे म्हणून सांग. बढती-गिढती काही नाही. याने बगीचा विकाले काढला. मी गिऱ्हाईक घेऊन गेलो, तं हा त्या गिऱ्हाइकालेच सांगून राहिला का जमीन चुनखडीची आहे, इथं झाडं जगत नाहीत. झाडं त्याच्या डोक्याच्या वर गेलेली, हिरवीगार, आणि हा म्हणते जगत नाहीत! गिऱ्हाईक पळालं."

आम्ही हसलो. हेडक्लार्क त्याचं धोतर ओढत होता, "बस ना बे, बस."

"बसतो. पण एक सांगतो. याले जायचं नाही. आणि हा गेला तं मले याच्याजवळ बसा लागन." असं म्हणून त्याने बोट माझ्याकडे केलं आणि तो बसला.

एवढा मोठा हशा कन्हानच्या काठी झाला नसेल. मीही उठून वाकून नमस्कार केला, प्रवेश संपल्यावर करतात तसा. आणि त्या हशातच हिशेबवाला उभा राहिला. चेहरा पांढरा पडलेला.

"मी जातो," तो म्हणाला. "याच्या जागी मी..."

"खाली बस!" वकील ओरडला. "नियम!"

सांगायला लाज वाटते, पण नियम आम्ही त्या क्षणीही मोडू दिला नाही. हिशेबवाला बसला आणि डॉक्टरच्या कानाला लागला. बराच वेळ कुजबुजत होता. डॉक्टर ऐकत होता, मध्येच त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही. सोबती भोपाळला गेला तर सतरंजीवर आपण कोणाशेजारी येणार, हे त्याला तेव्हाच समजलं होतं. क्षणभर वाटलं, हा आता निरोप गिळून टाकेल.

पण तो उठला.

"हा म्हणतो, की साहेबांचं मघाशी सांगितलं ते खोटं. याने स्वतःच भोपाळसाठी अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. याचा एकुलता एक मुलगा तिकडे रेल्वेत आहे. नातू झाला, तो याने अजून पाहिलेला नाही. नागपूर सोडायची इच्छा आहे हे तुमच्यासमोर कसं सांगावं, म्हणून बोलला नाही." डॉक्टर हेडक्लार्ककडे वळला. "श्रेणी एकच आहे. अदलाबदल मागता येते. याची तयारी आहे. त्याची आहे का, ते विचारतो आहे."

सगळ्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं, पण वकिलाचं बोट वर गेलेलं पाहून मिटलं. तो लुगडेवाल्याच्या कानाशी गेला. तिथे त्याने काय सांगितलं कोण जाणे, कारण खांदे हलताना दिसत होते आणि शब्द काही निघत नव्हता.

लुगडेवाल्याने बसल्या बसल्याच सांगितलं, "हो म्हणते हा."

रोडगे त्या दिवशी एका बाजूने करपले. राख झटकून, फोडून, वर तूप ओतून आम्ही ते तसेच खाल्ले. वकिलाने जेवणाआधीच अर्जाचा मजकूर तोंडी तयार केला आणि दोघांकडून घोकून घेतला. त्यांनी दुसऱ्या दिवशी अर्ज दिले. दिवाळी त्या दोन्ही घरांत बिनफराळाची गेली म्हणतात. हेडक्लार्कने सामान बांधलं नाही आणि झाडांचं पाणीही तोडलं नाही. कुठलंच पाऊल उचलायचा धीर त्याला होईना. अदलाबदल मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा तो ऑफिसातून घरी न जाता थेट बागेत गेला आणि पाटाचं तोंड मातीने बंद करून आला.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा नदीकाठी जमलो. डॉक्टर सतरंजीच्या टोकाला, माझ्या शेजारी. त्याचं नाव आलं तेव्हा मी उठलो आणि त्याची खुशाली यथासांग सांगितली, हातवारे करून, दोन रोग्यांच्या आवाजांसकट. माझं नाव आल्यावर तो उठला आणि म्हणाला, "याला कशाचाही त्रास नाही." जुन्या सोबत्याचीही खुशाली त्यानेच दिली. नातू चालायला लागला होता.

हेडक्लार्क गोवऱ्यांपाशी लुगडेवाल्याला पढवताना मी पाहिला होता. हाताने टोपलीकडे दाखवत होता. टोपलीत पहिल्या बहाराची संत्री होती. पुरती पिवळीही झाली नव्हती, पण याला धीर नव्हता.

हजेरी तिथवर आली. लुगडेवाला उठला.

"बरं आहे. झाडं बरी आहेत." तो थांबला. हेडक्लार्क खालून त्याच्याकडे पाहत होता, मॅट्रिकचा निकाल लागायच्या दिवशी पाहत होता तसा.

"हा म्हणते, गोड आहेत म्हणून सांग," लुगडेवाला म्हणाला. "मी खाल्लं एक. आंबट आहे."

आणि टोपली पुढे सरकवून खाली बसला. आम्ही सगळी संपवली. डॉक्टरचे दात आंबले. हेडक्लार्क प्रत्येकाला विचारत होता, कोणत्या झाडाचं आलं ते ओळखा.