अडतीस हजारांचा गाळा

सुनंदा कर्णिक यांनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत एकतीस वर्षं तपासणीचं काम केलं. हातातल्या मापात सुटा भाग बसला नाही की तो बाजूला काढायचा, मग साहेब कितीही घाई करोत. सवय घरीही आली होती. दुधाची पिशवी त्या काट्यावर ठेवून बघत. मुलगी राजसी चिडायची, "आई, तू प्रसादसुद्धा तोलून घेशील!"

निवृत्तीनंतर, यजमान गेल्यावर, सुनंदाबाईंनी फंडाचे पैसे एका गाळ्यात घालायचं ठरवलं. गाळा उल्हासनगरात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत. मालक बदलापूरचे आण्णा. शेतजमीन बिल्डरला देऊन त्यांनी असे चारपाच गाळे घेतले होते. आत जयदेव छाब्रिया नावाच्या भाडेकरूच्या वीस मशिनी धडधडत होत्या.

"किंमत भाड्यावर ठरते, ताई," आण्णा म्हणाले. "महिना अडतीस हजार, घरबसल्या."

त्यांनी नऊ वर्षांचा भाडेकरार दाखवला, पासबुकातल्या शेवटच्या तीन महिन्यांच्या नोंदी दाखवल्या. तिन्ही अडतीस हजारांच्या. बाईंनी करार तीनदा वाचला. मार्चमध्ये खरेदीखत झालं.

एप्रिलमध्ये खात्यात चोवीस हजार आले.

बाई रिक्षा करून थेट गाळ्यावर. जयदेवने खुर्ची पुढे केली, ड्रॉवरमधून एक कागद काढला. "मॅडम, लॉकडाउनमध्ये धंदा बसला ना, तेव्हा आण्णांनी भाडं कमी करून दिलं. करार संपेपर्यंत चोवीस. ही त्यांची सही."

बाईंनी कागद उजेडात धरला. सही आण्णांचीच दिसत होती. पण कागद तीन वर्षांपूर्वीचा म्हणावा तर कोरा करकरीत. घडीसुद्धा नव्हती.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंच कुठे? मला वाटलं, आण्णा बोलले असतील."

"बँकेचा उतारा दाखवा. तीन वर्षांचा."

"देतो ना, मॅडम. सीएकडे आहे."

तो उतारा दोन महिने सीएकडेच राहिला. बाईंच्या मनाने घेतलं, की हे दोघे मिळालेले आहेत. एकाने गाळा विकायचा, दुसऱ्याने मागची तारीख टाकून कागद पुढे करायचा, आणि मधली मलई वाटून घ्यायची. गाळा दाखवणाऱ्या दलालाचा फोन त्या उचलेनाशा झाल्या. "तिथे भाव चांगला मिळतो" असं कधीतरी म्हणालेल्या जावयाकडेही त्या जेवताना निरखून बघू लागल्या. राजसीच्या ते लक्षात आलं. ती ताटावरून उठून गेली.

वकील शलाका पाटील यांनी कागद शांतपणे वाचले. "भाडेकरूशी भांडून वर्षं जातील. खरेदीखतात आण्णांनी लिहून दिलंय, की भाडेकरूबाबत काहीही लपवलेलं नाही. त्यांना धरू." नोटीस गेली. आण्णांचं उत्तर आलं: असं पत्र मी दिलेलंच नाही, जयदेवने माझी खोटी सही केली आहे.

ते जयदेवच्या कानावर गेलं, आणि त्याच संध्याकाळी तो स्वतः अंबरनाथला बाईंच्या घरी आला. हातात बँकेचा जाडजूड उतारा.

"मला फोर्जरीत अडकवतो तो म्हातारा! बघा, मॅडम. दर महिन्याला चोवीस. त्यानेच घेतले. आणि ते पत्र तीन वर्षं फाइलमध्ये सपाट ठेवलं होतं, म्हणून कोरं दिसतं."

सुनंदाबाईंनी चष्मा लावून एकेक ओळ बोटाने पाहिली. तीन वर्षं चोवीस, चोवीस, चोवीस. विक्रीच्या आधीच्या तीन महिन्यांवर बोट थांबलं.

"हे तीन अडतीस कसे?"

जयदेव खाली बघत म्हणाला, "आण्णा बोलले, बँकेत लोनसाठी दाखवायचंय, तीन महिने पूर्ण भर. वरचे चौदा हजार ते मला कॅशमध्ये परत द्यायचे."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

"विचारलं नाही मी. त्यांचा भाडेकरू होतो."

"हे कोर्टात सांगाल?"

"माझंही नाव खराब होणार," एवढंच तो पुटपुटला, आणि उतारा तिथेच ठेवून गेला.

तो येईल याची बाईंना अजिबात खात्री नव्हती. पण आण्णांवरच्या दाव्यात तो कल्याणच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला, आपण कॅश परत घेतल्याचंही सांगितलं. आण्णांच्या वकिलाने त्याला खोटारडा ठरवायचा प्रयत्न केला. तरी त्याने शब्द फिरवला नाही.

पुढच्या तारखेआधीच आण्णांनी तडजोडीची तयारी दाखवली. बाईंनी चौदा लाख मागितले होते, आठवर मिटलं. सही करून आण्णा म्हणाले, "ताई, धंद्यात एवढं चालतंच."

"तुमच्यात चालत असेल," बाई म्हणाल्या, आणि आपली प्रत शेवटच्या पानापर्यंत वाचूनच उठल्या.

करार संपेपर्यंत भाडं चोवीस हजारच राहणार. जयदेव ते वेळेवर भरतो. दिवाळीला मिठाई पाठवतो, बाई ती घेतात. त्याला तेव्हा खरंच काही कळलं नव्हतं का, हे मात्र त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांचा विश्वासही बसलेला नाही. जावयाला त्यांनी एका रविवारी घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं, आपण त्याच्यावर घेतलेल्या संशयासकट. तो हसला. राजसी हसली नाही.