चिंचेपासून उजवीकडे

दशरथचं काम गाडी चालवायचं, आणि एका जागी बसणं त्याच्या जिवावर यायचं. सकाळी नारायण पेठेतून कंपनीची माणसं भरायची, हिंजवडीला उतरवायची, की संध्याकाळपर्यंत नऊ तास गाडी उभी. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत, नाहीतर मागच्या सीटवर पाय पसरून घोरत. हा मात्र पार्किंगला फेऱ्या मारायचा. आधी चालत, मग पळत, तेही रबरी चपलांत. काचेच्या इमारतीतून लोक बघायचे आणि म्हणायचे, ह्या माणसाच्या पायांना काय चावतंय कोण जाणे.

चावायला कारण होतं. त्याची चार एकर जमीन सत्त्याण्णव साली करमणुकीच्या बागेत गेली. आता तिथे आकाशपाळणे न् पाण्याच्या घसरगुंड्या. चौदा वर्षं त्याने त्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. बायको, मैना, मधूनमधून म्हणायचीच, “एकदा बघून तर येऊ, काय केलंय आपल्या वावराचं.” की हा चपला घालून बाहेर.

आणि नेमकी त्याच बागेत पळण्याची शर्यत ठरली. शनिवारी पाच किलोमीटर, रविवारी दहा. चौघांची तुकडी, चौघांनी दोन्ही दिवस मुदतीत पुरं केलं तरच पदकं, एक जरी मागे राहिला तर कोणालाच नाही. श्रद्धा म्हणून नारायण पेठेतली मुलगी गाडीत पहिल्या सीटवर बसायची. तिने सहा महिने पहाटे उठून तयारी केलेली, आणि आठ दिवस आधी तिच्या तुकडीतल्या एकाचा पाय मुरगळला.

“काका, रोज उगाचच पळता. जरा कामाचं पळा.”

“कुठं हाय?”

तिने बागेचं नाव सांगितलं. दशरथने आरशातून तिच्याकडे बघत नाही म्हणायला तोंड उघडलं आणि “बरं” निघून गेलं. मग आठवडाभर पार्किंगमधल्या फेऱ्या दुप्पट झाल्या.

शनिवार उसन्या बुटांत निभावला. वाट पुढच्या बाजूला होती, तिथे पूर्वी दुसऱ्यांची शेतं. रविवारी मात्र ती आत वळली. श्रद्धा केव्हाच पुढे गेलेली. सहाव्या किलोमीटरला चिंच आली. झाड तेवढं ठेवलं होतं, वर दिव्यांच्या माळा सोडून. बाण उजवीकडे होता. दशरथचे पाय डावीकडे गेले. चिंचेपासून डावीकडे बांध, बांधावरून विहीर, असं पायांना लहानपणापासून पाठ. डोकं मागाहून पोचलं. तोवर तो एका पाळण्याच्या मागून, जनरेटरच्या बाजूने, पुन्हा पळणाऱ्यांच्या वाटेवर निघालाही होता. आणि मागून श्रद्धा आली.

“काका, तुम्ही माझ्या पुढे कसे?”

“वाटेनं आलो.”

“कुठल्या वाटेनं?”

“आमच्या,” तो म्हणाला, आणि मग राहवेना. “ती चिंच आमची हाय ताई. हितं कांदा असायचा.”

श्रद्धा थांबली, पण पाय जागच्या जागी हलवत. “हे आज सांगताय? मध्ये वेळ नोंदवणारी चटई आहे. तिच्यावर तुमचा पाय पडला नाही तर फेरा धरत नाहीत. मागे जा.”

“उशीर हुईल की.”

“होईल. इथे उभे राहिलात तर नक्की होईल.”

तो मागे फिरला. लोक समोरून येत होते, हा उलटा. चिंचेपासून आता उजवीकडे. कांद्याच्या जागी निळ्या पाण्याचा पाट, त्यावर रबरी टायर तरंगत होते. बघावंसंही वाटे आणि नकोही. चटई पायाखाली चिवचिवली, तेव्हा त्याच्या छातीत नुसती आग होती.

शेवटची रेषा फाटकाबाहेर होती. मैना आत काही आली नव्हती, ती तिथेच जाळीला धरून उभी. दीड तासाची मुदत, चार मिनिटं उरलेली, तरी कार्यकर्ते रेषेवरची चटई गुंडाळायला लागले. श्रद्धा जाऊन चटईवरच उभी राहिली.

“मॅडम, बाजूला व्हा. सगळे आले.”

“आमचा एक यायचाय.”

“आता कोण येतंय?”

“घड्याळ तुमचंच आहे ना? मग त्याच्यावर तरी विश्वास ठेवा.”

वीस सेकंद उरली असताना दशरथ वळणावर दिसला. तोंड उघडं, एका बुटाची नाडी लोंबतेय. तो अगदी अंगावर आला तेव्हा श्रद्धा बाजूला झाली.

चौघांच्या गळ्यात पदकं पडली. कर्ण्यावरून सांगत होते, पदक दाखवा, आज दिवसभर बाग फुकट.

“काका, बसा आता जरा,” श्रद्धा म्हणाली.

तो कसला बसतोय. मैनाला म्हणाला, “चल.”

“आता आणि कुठं?”

“वावर बघायला.”

“मला कोण सोडतंय? मी कुठं पळाले?”

दशरथने पदक काढून तिच्या गळ्यात घातलं. फाटकावरच्या माणसाने तिच्या साडीकडे पाहिलं, पायातल्या चपलांकडे पाहिलं.

“मावशी, तुम्ही पळालात?”

“चौदा वर्षं, ह्यांच्या मागं,” मैना म्हणाली आणि आत शिरली. दशरथच्या छातीवर शर्यतीचा नंबर होताच. तो तिच्या मागून गेला.